हॉटेल चेल्सी : एक जिना, एक खोली आणि माझ्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

प्रोजेक्टचा विषय एकदाचा फायनल झाला. "बोहेमियन लक्झरी सिटी हॉटेल, इतिहास आणि इंटिरियर", बोहेमियन म्हणजे कलाकारांच्या मोकळ्याढाकळ्या राहणीचं, आणि त्यासाठी मी इमारत घेतलीये न्यूयॉर्कचं हॉटेल चेल्सी, २२२ वेस्ट २३वा रस्ता, मॅनहॅटन. द्यायचंय काय तर सहा पॅनेल, जिन्याचं मॉडेल १:५० ला आणि एका खोलीचं मॉडेल १:२० ला. हातात पाच आठवडे आहेत, त्यातला पहिला दिवस मी मूडबोर्डवर, म्हणजे वातावरण दाखवणाऱ्या फोटोंच्या जुळणीवर घालवला आणि आता स्वतःचाच राग येतोय. मखमली सोफा, झालरवाला लॅम्प, तुर्की गालिचा, पितळी पलंग, एका कोपऱ्यात मोठ्ठं पानांचं झाड, सगळं छान जुळवून गडद हिरव्या बॅकग्राउंडवर लावलं आणि प्रोजेक्ट बघणाऱ्या मॅडमना पाठवलं.

मॅडमचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "हे हॉटेल आहे की फर्निचरच्या दुकानाचा कॅटलॉग? यातलं काय चेल्सीत आहे आणि काय तुझ्या फोनमध्ये आहे?"

मी म्हटलं मॅडम हा फक्त फील आहे. त्यावर त्यांनी फक्त "प्लॅन बघितलास का?" एवढंच विचारलं. नव्हता बघितला.

६ जानेवारी

इतिहास वाचला. म्हणजे खरंच बसून वाचला, फोटो न बघता.

इमारत १८८४ ची, आणि ती हॉटेल म्हणून बांधलेलीच नाही. फिलिप ह्युबर्ट नावाचा आर्किटेक्ट, जन्म पॅरिसचा, वडील आर्किटेक्ट आणि फूरियेच्या विचारांचे, म्हणजे वेगवेगळ्या थरातल्या लोकांनी एका छपराखाली एकत्र राहावं वगैरे मानणारे. मुलाने तेच न्यूयॉर्कमध्ये धंद्याच्या भाषेत बसवलं, त्याला तो होम क्लब म्हणायचा. लोकांनी मिळून जागा घ्यायची, मिळून बांधायचं, स्वतःचा फ्लॅट ठेवायचा आणि काही फ्लॅट भाड्याने देऊन खर्च भागवायचा. आपण आज सोसायटी म्हणतो तेच थोडक्यात. ५७व्या रस्त्यावर रेम्ब्रांट नावाची इमारत त्याने आधी अशीच केली होती, चेल्सी नंतरची आणि खूप मोठी. बारा मजले, ऐंशीच्या आसपास फ्लॅट, सगळ्यात वर चित्रकारांसाठी स्टुडिओ. आज ऐकायला काही वाटत नाही पण तेव्हा बारा मजले म्हणजे लोक रस्त्यात थांबून मान वर करून बघत असतील. लिफ्ट आली नसती तर वरच्या मजल्यावर कोण राहायला जाणार होतं!

आणखी एक गोष्ट जी पॅनेलवर घ्यायचीच आहे. भिंती मुद्दाम जाड बांधल्यात, आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून आणि आवाजही जाऊ नये म्हणून. नंतर इथे संगीतकार येऊन राहिले, रात्रभर टाइपरायटर बडवणारे आले, आणि शेजाऱ्याला पत्ता नाही. बोहेमियन वातावरण वगैरे आपण म्हणतो त्यातलं निम्मं या गिलाव्याच्या आणि विटांच्या जाडीवर उभं आहे असं माझं मत झालंय. मूडबोर्डमध्ये भिंतीची जाडी कुठे दाखवणार?

९ जानेवारी

आज कळलं मॅडम प्लॅन प्लॅन का करत होत्या.

ह्युबर्टची को-ऑपरेटिव्ह, म्हणजे ती सोसायटी, टिकली नाही. २३वा रस्ता तेव्हा नाटकवाल्यांचा भाग होता, थिएटरं हळूहळू उत्तरेकडे सरकली, पैसेवाले लोकही तिकडे सरकले, आणि १९०५ मध्ये इमारत दिवाळखोरीत जाऊन तिचं हॉटेल झालं. आता मोठ्या कुटुंबासाठी केलेले फ्लॅट हॉटेलला काय कामाचे, मग ते तोडायला सुरुवात झाली. आणि हे एकदा बसून नीट आखणी करून झालेलं नाही, पुढची कित्येक वर्षं मालक बदलतील तसं, गिऱ्हाईक मिळेल तसं, इकडे पार्टिशन घाल तिकडे दार फोड असं होत गेलं. म्हणून कुठलीही खोली दुसरीसारखी नाही. कुणाच्या वाट्याला शेकोटी आली तर कुणाला बाल्कनी, आणि कुणाच्या खोलीत शिरायलाच लांब बोळ, कारण तो कधीतरी कुणाच्या घराचा पॅसेज होता.

हे प्लॅनवर काढायला बसलं की डोक्याला ताप होतो. नेहमीच्या हॉटेलचं काम असतं तेव्हा मी एक खोली काढते, मिरर करते, कॉपी करते, मजला तयार, चहा प्यायला मोकळी. इथे कॉपी कमांडच वापरता येत नाहीये. पण हाच मुद्दा आहे ना! छोटी स्वस्त खोली, तिला लागून चार खोल्यांचं मोठं घर, तिच्यावर स्टुडिओ, म्हणजे एकाच इमारतीत वेगवेगळ्या खिशाची माणसं, एकच जिना आणि एकच लिफ्ट वापरणारी. ह्युबर्टला जे विचार करून हवं होतं ते त्याची योजना बुडाल्यावर तोडफोडीतून आपोआप झालं. पॅनेल नंबर दोन हेच. मूडबोर्ड डिलीट केला.

१० जानेवारी

दिवसभर काही केलं नाही. लॅपटॉपचा चार्जर गेला.

१४ जानेवारी

राहणाऱ्यांची यादी करायला घेतली आणि थांबवली, कारण यादी फक्त नावांची माळ होत होती. जो तो लेखक गायक इथे राहून गेलाय. मग ठरवलं की ज्याच्यामुळे खोलीबद्दल काहीतरी कळतं तेवढेच लोक घ्यायचे.

व्हर्जिल थॉमसन, संगीतकार, १९४० पासून १९८९ मध्ये वारेपर्यंत नवव्या मजल्यावर. जवळजवळ पन्नास वर्षं हॉटेलात! त्याच्या घरातलं मूळ लाकूडकाम बरंचसं तसंच राहिलं कारण माणूसच हलला नाही. इंटिरियर जपायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे भाडेकरू न बदलणं, हे मी गमतीत लिहितेय पण खरंच आहे.

दुसरा जॉर्ज क्लाईनसिंगर, हाही संगीतकार. वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत याने जंगल केलं होतं, म्हणजे खरोखरची मोठाली झाडं, पक्षी, साप, कासवं आणि मध्ये पियानो. आपण कोपऱ्यात एक कुंडी ठेवून बोहो कॉर्नर म्हणतो.

नाटककार आर्थर मिलर १९६०च्या दशकात काही वर्षं होता, विज्ञानकथा लिहिणारा आर्थर सी. क्लार्क असायचा, गायिका पॅटी स्मिथ आणि फोटोग्राफर रॉबर्ट मेपलथॉर्प १९६९ मध्ये आले ते हॉटेलातल्या अगदी लहान खोल्यांपैकी एकीत, दहाव्या मजल्यावर. कवी डिलन थॉमस १९५३ मध्ये इथेच उतरला होता, इथूनच त्याला हॉस्पिटलात नेलं आणि तिथे तो गेला. त्याच्या नावाची पाटी दाराबाहेर आहे.

आणि या सगळ्यांना सांभाळणारा स्टॅनली बार्ड. १९४०च्या दशकात त्याच्या वडिलांनी भागीदारांबरोबर हॉटेल घेतलं आणि पुढे २००७ पर्यंत कारभार याच्याकडे. कुणाचं भाडं थकलं तर थांबायचा, कधी भाड्याऐवजी चित्र घ्यायचा, आणि ती चित्रं लॉबीत आणि जिन्याच्या भिंतींवर लागत गेली. चांगली, वाईट, अर्धवट, सगळी शेजारी शेजारी. म्हणजे लॉबीची सजावट हे खरं तर हॉटेलचं उधारीचं खातं होतं, भिंतीवर टांगलेलं. हे वाक्य पॅनेलवर टाकणार आहे, मॅडमनी काढलं नाही तर.

१७ जानेवारी

जिना सुरू केला. रडू आलं.

आधी जिना काय आहे ते. लॉबीपासून थेट वरपर्यंत जातो, वर स्कायलाईट, त्याचा उजेड मधल्या पोकळीतून खाली उतरतो, आणि लोखंडी कठड्यावर फुलापानांची नक्षी. बाहेरच्या बाल्कन्यांनाही तशीच फुलांची लोखंडी जाळी आहे, लाल विटांवर काळी, ती लांबूनसुद्धा ओळखू येते. ती जे. बी. अँड जे. एम. कॉर्नेल यांच्या कारखान्यातली.

मी मॉडेलसाठी तीनच मजले घेतलेत, मजल्याची उंची ४ मीटर धरली, म्हणजे १:५० ला एक मजला ८ सेंटीमीटर. कठडा ९० सेंटीमीटर म्हणजे मॉडेलमध्ये फक्त १८ मिलिमीटर. त्या १८ मिलिमीटरमध्ये फूल, देठ, वळण सगळं बसवायचं. २ सेंटीमीटर जाडीची सळई होते ०.४ मिलिमीटर! कार्डबोर्डवर लेझरने कापली तर पहिल्या तीन पट्ट्या हात लावताच तुटल्या, चौथी जळून तपकिरी झाली आणि तिचा वास अजून खोलीत आहे. मग सळई जाड केली, १.२ मिलिमीटर. ती तुटली नाही, पण लावून बघितली तर खरी सळई ६ सेंटीमीटरची असल्यासारखी दिसायला लागली. धाकटी बहीण मागून येऊन म्हणाली, "ताई, तुरुंग करतेयस का?"

१८ जानेवारी

सुटलं! कठडा कापायचाच नाही. नक्षी पारदर्शक शीटवर काळी प्रिंट केली, पट्ट्या कापून उभ्या चिकटवल्या, वर हाताळायची दांडी म्हणून बारीक लाकडी काडी. शीट समोरून दिसतच नाही, फक्त नक्षी दिसते. आणि बोनस असा की वरून टॉर्च धरला तर फुलांची सावली पायऱ्यांवर आणि भिंतीवर पडते, तिरकी, खालच्या मजल्यावर गेली की पसरट आणि फिकट होत जाणारी. मी अर्धा तास नुसती टॉर्च फिरवत बसले. फोटोत हा जिना कायम सरळ खाली वाकून काढलेला असतो, चौकोनी भोवरा दिसतो तसा, त्यामुळे भिंतीवर काय होत असेल याचा मी विचारच केला नव्हता. तिथेच तर चित्रं लागली होती, म्हणजे चित्रांवरून दिवसभर उजेड सरकत असणार. गॅलरीवाला हे बघून चक्कर येऊन पडेल.

२१ जानेवारी

कायद्याचा भाग. कंटाळवाणा वाटला होता पण निघाला भारी.

न्यूयॉर्कचं जुनं रेल्वे स्टेशन, पेन स्टेशन, १९६३ पासून पाडलं गेलं, शहरात ओरड झाली, १९६५ मध्ये न्यूयॉर्कचा लँडमार्क कायदा, म्हणजे महत्त्वाच्या जुन्या इमारती जपायचा कायदा आला आणि लगेच मार्च १९६६ मध्ये चेल्सीला लँडमार्क दर्जा मिळाला. पण तो बाहेरच्या रूपाला. इमारतीच्या आतल्या भागाला संरक्षण देता येईल अशी दुरुस्तीच मुळी १९७३ मध्ये झाली. म्हणजे विटा सुरक्षित, बाल्कन्या सुरक्षित, छपराचे उतार सुरक्षित, आणि ज्याच्यासाठी जग हे हॉटेल ओळखतं त्या खोल्या, ती दारं, ते बोळ कायद्याच्या नजरेत साधं रिनोव्हेशन. १९७७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव गेलं तो मान मोठा आहे, पण मालक स्वतःच्या पैशाने आत काम काढतो तेव्हा त्या नोंदीने त्याचा हात धरता येत नाही.

हे समजल्यावर पुढचा सगळा भाग वेगळा वाचला जातो. जिना आज उभा आहे तो कुणीतरी ठेवायचा ठरवला म्हणून.

२४ जानेवारी

तुलनेसाठी एक हॉटेल हवं होतं, पॅरिसचं लोतेल घेतलं, रु दे बोझार. लेखक ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये इथे वारला तेव्हा ते ओतेल दाल्झास नावाचं साधंसुधं हॉटेल होतं, खिशात पैसे नसलेल्या माणसाला परवडेल असं. २००० मध्ये डिझायनर जाक गार्सियाने हॉटेलचं इंटिरियर नव्याने केलं आणि आता वाइल्डच्या नावाच्या खोलीत भिंतीवर मोर आहेत, मखमल आहे, सोनेरी आहे. मधोमध गोल पोकळी, वरून उजेड, चेल्सीच्या जिन्याची पॅरिसमधली नाजूक बहीण म्हणा हवं तर.

सुंदर आहे, मला आवडलं, पण वाइल्ड गेला ती खोली अशी नव्हती. हा वाइल्डला द्यायला हवा होता असा मान आहे, शंभर वर्षं उशिरा. बोहेमियन हा शब्दच असा उलटापालटा झालेला, फ्रेंचांनी आधी रोमा लोकांना ते बोहेमियातून आले समजून हे नाव दिलं, मग पॅरिसच्या कफल्लक कलाकारांना ते चिकटलं, आणि आता त्याच शब्दाच्या पुढे लक्झरी लावून रात्रीचं भाडं घेतात. पॅनेलवर एवढंच, जास्त ताणायचं नाही.

२६ जानेवारी

दारं! हे आधी माहीत नव्हतं. २०११ मध्ये हॉटेल नव्या पाहुण्यांसाठी बंद झालं, आत तोडफोड सुरू झाली आणि जुनी दारं काढून टाकली. तिथेच पूर्वी राहिलेल्या, नंतर बेघर झालेल्या एका माणसाने ती वाचवली आणि कुठल्या दारामागे कोण राहायचं ते शोधत बसला. एप्रिल २०१८ मध्ये पन्नासहून जास्त दारांचा लिलाव झाला. गायक बॉब डिलनच्या खोलीचं दार लाखभर डॉलरला गेलं. दार बघाल तर साधं लाकडी, रंगाचे थर चढलेलं, ओरखडे पडलेलं. तेच दार लिलावात कोपऱ्यात पडलेलं असतं, नंबर नसता, तर किती डॉलर मिळाले असते?

खोलीच्या मॉडेलचं दार मी नवं कोरं केलं होतं. काढलं. आता चार रंगांचे थर देऊन सँडपेपर मारणार.

२९ जानेवारी

आजचं काम नूतनीकरण. बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या, थांबलेलं काम, बदलते मालक. २०१६ मध्ये शॉन मॅकफर्सन, आयरा ड्रुकियर आणि रिचर्ड बॉर्न यांनी घेतलं आणि २०२२ मध्ये हॉटेल परत उघडलं. या सगळ्या काळात जुने भाडेकरू आतच राहत होते, धूळ, ड्रिल, पाणी बंद, लिफ्ट बंद, सगळ्यातून. काही आजही तिथेच आहेत. म्हणजे एका दाराआड लक्झरी सूट आणि बोळाच्या पलीकडे कित्येक दशकं राहिलेला माणूस स्वतःच्या पसाऱ्यात.

मॅकफर्सनची कामं बघितली तर पद्धत कळते. त्याच्या न्यूयॉर्कमधल्याच बावरी हॉटेलची इमारत नवी आहे पण आत शिरलं की ती कायमच तिथे होती असं वाटतं. जुनं दिसेल असं नवं करणं ही त्याची हातोटी, आणि तेच चेल्सीत धोक्याचं, कारण इथे खरं जुनं समोर उभं आहे. माझ्या मते त्याने बरंच सांभाळलं. जिना तसाच, खोल्या वेगवेगळ्या मापाच्या, शेकोट्या ठेवल्या. तळमजल्यावरचं १९३० चं स्पॅनिश रेस्टॉरंट एल किहोते २०१८ मध्ये बंद झालं होतं, तेही २०२२ मध्ये आतल्या डॉन किहोतेच्या भित्तिचित्रांसकट परत सुरू झालं.

ग्रुपवर यावरून भांडण झालं. एकीचं म्हणणं, ज्याला आज भाडं परवडत नाही तो कलाकार गेला म्हणजे हॉटेल संपलं, उरलं ते नाटकाचं नेपथ्य. दुसरा म्हणाला की नाहीतर इमारत सडून पडली असती. मला दोघांचंही पटलं आणि दोघांवरही चिडले, कारण मला सहावं पॅनेल लिहायचं होतं आणि डोकं शिल्लक नव्हतं.

२ फेब्रुवारी

खोली. ५ बाय ४ मीटर, म्हणजे मॉडेल २५ बाय २० सेंटीमीटर. अमुक नंबरची खोली असं म्हणत नाहीये, चेल्सीत जशी फ्लॅट तोडून खोली होत गेली तशी मी केलेली.

मोठी चूक इथे केली. शेकोटी भिंतीच्या बरोबर मध्ये ठेवली. सवय! सॉफ्टवेअरमध्ये भिंत निवडायची, शेकोटी निवडायची, सेंटर, झालं. मॅडमनी मॉडेल उचललं, डोळ्यासमोर धरलं आणि विचारलं, "पार्टिशन कुठल्या बाजूला घातलंय?" मी दाखवलं. "मग शेकोटी मध्ये कशी राहील गं? ती आधीच्या मोठ्या खोलीच्या मध्ये होती."

बरोबरच आहे की. खोली कापली तर शेकोटी एका बाजूला सरकल्यासारखी दिसणार. आणि तेवढंच नाही, छताच्या कडेची नक्षीदार पट्टी तीन भिंतींना असणार आणि चौथ्या बाजूला, म्हणजे पार्टिशनपाशी, ती अर्ध्या पानावर कापली जाऊन भिंतीत घुसणार. पान अर्धं या खोलीत आणि उरलेलं शेजारच्याकडे. तीन तास लागले सगळं उखडायला. पण आता ती पट्टी बघितली की खोलीचा इतिहास सांगायला पॅनेल लागत नाही, बोट दाखवलं की पुरे.

उजेडाचं पण बदललं. छतातले दिवे सगळे काढून टाकले, तीन लहान दिवे खाली, कमरेच्या उंचीवर, पिवळट, २७०० केल्व्हिन. छतातून एकसारखा उजेड पडला की सरकलेली शेकोटी चूक वाटते, खालून तुकड्या तुकड्यांनी पडला की तीच आपली वाटते. चित्रं पण एका रेषेत लावली नाहीत, वेगवेगळ्या मापाची, एक मुद्दाम जरा खाली. बहिणीने येता जाता ते सरळ केलं. परत तिरकं केलं.

५ फेब्रुवारी

पॅनेलचा मजकूर छाटला. टायटॅनिकमधून वाचलेले लोक हॉटेलात उतरल्याचा किस्सा काढला, तो मी द जेन हॉटेलबद्दल वाचलेला आणि चेल्सीला चिकटवलेला. न्यूयॉर्कच्या जुन्या हॉटेलांचे किस्से एकमेकांत फार मिसळतात. १९७८ चा खोली नंबर १०० मधला खून, गायक सिड व्हिशसच्या मैत्रिणीचा, नॅन्सी स्पंगेनचा, तोही एका ओळीत ठेवला, लोकांना तेवढंच माहीत असतं आणि माझ्याकडे जागा जिन्यासाठी हवी आहे.

उधारीच्या खात्याचं वाक्य मॅडमनी ठेवलं. "भिंतीवर टांगलेलं" तेवढं काढलं. माझ्या मते ठेवायला हवं होतं.

८ फेब्रुवारी

उद्या ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर सादरीकरण. पॅकिंग करताना दुसऱ्या मजल्यावरचा कठडा सुटला, शीटवर गोंद लवकर धरत नाही हे पाच आठवड्यांनी कळतंय. चिमट्याने धरून बसले होते वीस मिनिटं, टॉर्च दातात. सुकायला ठेवलाय. दाराचा नंबर अजून लावायचा राहिलाय, कुठला लावू ते ठरत नाहीये, बहीण म्हणतेय घराचाच लाव.